पिवळ्या भिंतींची शाळा

आमच्या शाळेच्या मागच्या तीन खोल्या दिवाळीनंतर पिवळ्या पडायला लागायच्या. पावसाळाभर भिंती ओल धरून बसायच्या आणि थंडीत वाळू लागल्या की जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत त्यांवर बारीक पिवळी भुकटी फुटून यायची. दिसायला सुंदर असायची, हे कबूल केलं पाहिजे. ताज्या हळदीपेक्षाही उजळ. दरवर्षी ती खरवडून वर चुना मारला जायचा आणि संक्रांतीपर्यंत चुन्यातून पुन्हा पिवळं डोकावायचं.

शाळा अंबरनाथला, मोरिवलीच्या अंगाला, कारखान्यांच्या वसाहतीपासून हाकेच्या अंतरावर. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती ती. मी बदलापूरच्या कात्रप भागात राहायचे आणि रोज सकाळी बसने शाळेत यायचे. सहावी ते दहावीला विज्ञान शिकवायचे आणि सहावी ‘ब’ची वर्गशिक्षिका होते. मुख्य इमारत जुनी आणि भक्कम होती. मुलं वाढली तशी संस्थेने मागच्या खोलगट जागेत भराव टाकून या तीन खोल्या बांधल्या होत्या. भराव फुकट मिळाला होता. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या मागे ढीग पडला होता, तो ट्रकने आणून ओतला. त्या काळी सगळेच असं करत. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मधल्या खोलीत माझा वर्ग भरायचा. मुलं चपला दाराबाहेर काढून आत बसायची, कारण फरशी स्वच्छ ठेवायची असा आमचा नियम होता. त्या नियमाचा मला अभिमानही होता.

“बाई, हे पिवळं काय असतं?” मुलं विचारायची.

“लोणा. ओलीने भिंतीला लोणा लागतो,” मी सांगायचे.

माझं बी.एस्सी. रसायनशास्त्रातलं. लोणा पांढरा असतो हे मला चांगलं माहीत होतं. तरी तीन हिवाळे मी त्या भुकटीला लोणाच म्हणत राहिले. आज लिहितानाही ते टोचतं.

खोल्या झाडायला एक मावशी होत्या, मोरिवली गावातल्याच. पन्नाशीच्या, सडसडीत, शाळेत सगळ्यांच्या आधी येणाऱ्या. त्या रोज सकाळी भिंतीकडेची भुकटी झाडून सुपलीत भरायच्या. त्यांच्या बोटांवर गोल, खोल जखमा होत्या, टाचणीने टोकरून काढल्यासारख्या. त्या भरायच्याच नाहीत. नाकातून अधूनमधून रक्त यायचं.

“ह्या भुकटीनं माझा हात खाल्ला, बाई,” त्या एकदा मला म्हणाल्या. “घरी चार दिस ऱ्हायली की बरा होतो. इथं आली की पुन्हा तेच.”

मी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी खरजेचं मलम दिलं. त्या वर्षी माझ्या वर्गातल्या सात-आठ मुलांच्या घोट्यांवर आणि पावलांवरही तसेच व्रण दिसायला लागले. त्यांनाही खरूजच म्हटलं गेलं. मी मुलांना नखं कापायला सांगितली आणि हात धुण्यावर एक धडा घेतला.

मग सहामाहीच्या प्रगतिपुस्तकावर सही करायला माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील आले. वसाहतीतल्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत ते कामाला होते. कारखान्याचं सांडपाणी सोडण्यापूर्वी ते तपासायचं, हे त्यांचं काम. सही करायला ते वाकले आणि त्यांची नजर भिंतीच्या तळाशी गेली. पेन तसंच हातात राहिलं. ते उकिडवे बसले आणि बराच वेळ बघत राहिले. मी जवळ जाऊन भुकटीला बोट लावणार, तेवढ्यात ते म्हणाले, “बाई, थांबा. हात लावू नका.”

“का? लोणा आहे तो.”

“लोणा नाही वाटत मला. कागद आहे का एखादा?”

त्यांनी वहीच्या पानाने थोडी भुकटी उचलली आणि पुडी केली. मग वर्गातल्या मुलांच्या उघड्या पायांकडे पाहिलं. त्यात त्यांच्या मुलीचेही पाय होते.

“तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही,” ते म्हणाले. “पण मला क्रोमियमची शंका येतेय. विषारी प्रकारातलं. आमच्याकडे ते पाण्यात सापडलं तर पाणी सोडत नाहीत. आणि इथे मुलं बसतायत.”

मी त्यांना विचारलं, “शाळेत तपासता येईल?”

“तुमच्याकडे सौम्य आम्ल असेलच. एक पावडर लागेल, ती मुंबईला रसायनांच्या बाजारात मिळते. मी नाव लिहून देतो. कंपनीतून काही आणणार नाही मी. चोरीचं नको.”

त्या शनिवारी मी मुंबईला जाऊन ती पावडर आणली. रविवारी सकाळी आम्ही शाळेची प्रयोगशाळा उघडली. ती प्रयोगशाळा म्हणजे दोन कपाटं, एक ओटा आणि एक नळ. मावशीही आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. “माझ्या हाताचा न्याय होनार हाय, मी नको?” म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

त्या गृहस्थांनी काम करायची रीत आधी मला दाखवली. नमुना कुठून घेतला ते बाटलीवर लिहायचं. प्रत्येक वेळी नवा चमचा. आणि सगळ्यांत आधी नुसत्या शुद्ध पाण्यावर तोच प्रयोग करून बघायचा, म्हणजे रंग आला तर तो नमुन्याचाच, आपल्या रसायनांचा नाही, याची खात्री पटते. मी दहा वर्षं मुलांना ऑक्सिडीकरण आणि क्षपण शिकवत होते. फळ्यावर समीकरण लिहायचं, मुलांनी वहीत उतरवायचं, परीक्षेत चार गुण. ते समीकरण माझ्याच वर्गाच्या भिंतीत चालू असेल, असा विचार एकदाही मनात आला नव्हता.

शुद्ध पाण्याच्या परीक्षानळीत काहीच झालं नाही. मुख्य इमारतीतल्या धुळीच्या नळीतही नाही. मग भिंतीच्या भुकटीच्या पाण्यात त्यांनी थेंब टाकले आणि पाणी जांभळं झालं. हळूहळू नाही, एकदम. पिकल्या जांभळासारखं गडद.

“अगं बाई!” मावशी उठून उभ्या राहिल्या.

आम्ही एकूण बारा नमुने तपासले. तिन्ही खोल्यांची फरशी, सतरंजीतली धूळ, फळ्याखालची धूळ, मावशींचा झाडू. सगळं जांभळं. नळाचं पाणी स्वच्छ निघालं. शेवटी मागच्या हातपंपाचं पाणी घेतलं. पहिल्यांदा वाटलं काही नाही. मग नळीमागे पांढरा कागद धरला, तर फिकट गुलाबी झाक होती. दुपारच्या सुट्टीत निम्मी शाळा त्या पंपावर पाणी प्यायची.

ते गृहस्थ उठून बाहेर गेले. मुख्याध्यापकांच्या खोलीतून पाना शोधून आणला आणि पंपाचा दांडा काढून आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला. “परवानगी नंतर घेऊ,” म्हणाले.

आमचे मुख्याध्यापक भले माणूस होते, पण निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. ते म्हणाले, “बाई, मला पटतंय. पण अध्यक्षांना तुम्ही सांगा.” संस्थेचे अध्यक्ष म्हणजे ज्यांनी स्वतः उन्हात उभं राहून त्या खोल्या बांधून घेतल्या होत्या ते. शाळेसाठी त्यांनी घरचं बरंच घातलं होतं. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

“लोणाच आहे तो, बाई. तुम्हीच सांगत होता ना मुलांना? उगाच काहूर उठलं तर पालक दाखले काढतील. मग शाळाच राहणार नाही. चांगला चुना मारा.”

“साहेब, तीन वर्षं चुना मारतोय.”

“मग दोन हात मारा.”

मी बाहेर आले तेव्हा रागाने माझे कान तापले होते. राग त्यांचा कमी आणि माझाच जास्त होता, कारण त्यांच्या तोंडी माझंच वाक्य होतं. मी मुख्याध्यापकांना सांगितलं, “सर, येत्या रविवारी पालकसभा आहे. त्यात मला दहा मिनिटं द्या. मी भाषण करणार नाही. प्रयोग करणार आहे.”

त्यांनी चष्मा पुसला, परत लावला आणि म्हणाले, “पंधरा घ्या.”

सभेला मैदान भरलं होतं. कारखान्यातले कामगार, ऑफिसात जाणारे, मोरिवलीतल्या बायका, दोन-चार साहेबही. मी टेबलावर काचेचे पेले मांडले, मागच्या रांगेला दिसावं म्हणून परीक्षानळ्या टाळल्या. पहिल्या पेल्यात नळाचं पाणी. थेंब टाकले. काही नाही. दुसऱ्या पेल्यात त्याच पाण्यात सहावी ‘ब’च्या भिंतीची चिमूटभर भुकटी. थेंब टाकले आणि पेला जांभळा झाला. मैदानातून एकच आवाज आला, शेकडो माणसांनी एकदम श्वास घेतल्याचा.

अध्यक्ष पहिल्या रांगेत होते. ते उभे राहिले. “बाई, तुमच्या ॲसिडनेच रंग आला असेल. कुठलंही पिवळं टाकलं तरी येईल.”

मला ते हवंच होतं. मी म्हणाले, “साहेब, मग तुम्हीच सांगा काय टाकू.”

“हळद टाका.”

समोरच्या घरातून एक बाई हळदीचा डबा घेऊन धावत आली. अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने हळद तिसऱ्या पेल्यात टाकली. मी थेंब टाकले. पेला पिवळाच राहिला. मी ढवळलं. पिवळाच. लोक हसायला लागले. मी हसले नाही, कारण अध्यक्षांचा चेहरा मला दिसत होता.

“आता भुकटीही तुम्हीच आणा, साहेब. तुम्हाला हवी तिथून. हाताला मात्र लावू नका.” मी त्यांना कागद आणि चमचा दिला.

ते मागे गेले. सगळी सभा माना वळवून बघत होती. तिसऱ्या खोलीतून त्यांनी भुकटी आणली, पाण्याच्या चौथ्या पेल्यात टाकली आणि थेंबांची बाटलीही माझ्या हातातून घेतली. त्यांच्याच हाताखाली पाणी जांभळं झालं.

मग मावशी पुढे आल्या. सभेत बोलायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. त्यांनी दोन्ही तळवे वर केले. “ह्ये बघा. मी रोज झाडते. मी म्हातारी, माझा काय! पन त्या पोरांचं पाय बघा घरी जाऊन.”

अध्यक्ष टेबलाजवळच उभे होते. ते मावशींच्या हातांकडे बघत राहिले. मग वळून लोकांना म्हणाले, “भराव मी टाकला. मला माहीत नव्हतं. आजपासून या खोल्या बंद.” आणि तिथल्या तिथे त्यांनी शिपायाकडून कुलपं मागवली. तिन्ही कुलपं स्वतः लावली.

दाखले काढायला कुणीही आलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी माणसं विचारायला आली की आम्ही काय करू.

पहिला प्रश्न होता तीन वर्ग बसवायचे कुठे. दोन वर्ग मुख्य इमारतीत दुपारच्या पाळीत कोंबले. तिसऱ्याला जागाच नव्हती. त्या मुलीचे वडील म्हणाले, “आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराचा हॉल सकाळी रिकामा असतो. मी विचारतो.” संध्याकाळी उत्तर आलं की हॉल मिळाला, शिवाय पिण्याच्या पाण्याचा माठ वस्तीतल्या बाया भरून ठेवतील. माझा सहावी ‘ब’ तिथे भरला. दोन-तीन पालकांनी आधी नाक मुरडलं, मुलांना घरी ठेवलं. आठवड्याने त्यांचीही मुलं आली, कारण बाकीच्या मुलांनी जाऊन सांगितलं होतं की हॉलमध्ये पंखे आहेत.

दुसरा प्रश्न त्या भरावाचा. कुणी म्हणालं, खणून नाल्यात टाका. ते गृहस्थ एरवी फार मवाळ बोलायचे, पण तेव्हा ताडकन म्हणाले, “आपल्या दारातून उचलून दुसऱ्याच्या दारात? मग आपल्यात आणि त्या कारखान्यात फरक काय?” मुंबईच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आम्ही नमुने पक्के तपासून घेतले होते. तो अहवाल घेऊन ते, अध्यक्ष आणि मी त्यांच्या कंपनीच्या मोठ्या साहेबांना भेटलो. सांडपाण्यातलं हेच विष निष्प्रभ करायच्या टाक्या त्या कंपनीत होत्या. साहेबांनी अहवाल दोनदा वाचला आणि म्हणाले, “माती थोडी थोडी आणा. आमचं काम सांभाळून करू. पण हिराकस तुम्ही आणायचं.”

हिराकस म्हणजे लोहाचा हिरवट क्षार, पूर्वी शाई करायला वापरत तो. क्रोमियमच्या विषारी रूपाचं तो साध्या रूपात क्षपण करतो. मी फळ्यावर लिहायचे तेच चार गुणांचं समीकरण. उल्हासनगरला कापड रंगवायची रसायनं विकणारे एक सिंधी व्यापारी होते. त्यांच्याकडे आम्ही गेलो. पोत्यांचा आकडा ऐकून त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“इतना हिराकस? क्या बहनजी, स्याही का कारखाना डाल रहे हो?”

मी त्यांना सगळं सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं मोडक्या हिंदीत. ते ऐकता ऐकता त्यांनी पुढ्यातला चहा बाजूला सारला. “हमारा बच्चा लोग भी ऐसेही स्कूल में पढा,” ते म्हणाले आणि नोकराला हाक मारून टेम्पो भरायला सांगितलं. वर चुन्याची पोतीही टाकली. आम्ही मागितली नव्हती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत काम सुरू झालं. मुलांना आवारात यायची सक्त मनाई. खणणाऱ्यांना गमबूट, हातमोजे आणि तोंडाला फडकं. माती आधी ओली करायची, मग खणायची, म्हणजे धूळ उडत नाही. दुपारी जेवायच्या आधी सगळ्यांनी हात-पाय-तोंड साबणाने धुवायचं, आणि ते धुतलं की नाही हे बघायला मावशी नळाशी छडी घेऊन उभ्या. मावशींना आम्ही मातीजवळ जाऊ देत नव्हतो. त्याचा वचपा त्या असा काढायच्या.

भिंतींचा खालचा गिलावा पार विटांपर्यंत काढला. मग हिराकसाचं पाणी ब्रशने विटांवर मारायचं. मी पहिला हात मारला तो दिवस मला लख्ख आठवतो. पिवळ्या धमक विटेवर ब्रश फिरला आणि पिवळं माझ्या डोळ्यांसमोर मळकट हिरवं झालं, मग तपकिरी. मी ओरडलेच. ते गृहस्थ, अध्यक्ष, खणणारी माणसं, सगळे धावत आले. त्यांना वाटलं मला काही झालं. मी नुसती भिंतीकडे बोट दाखवत होते.

सगळं इतकं सरळ झालं नाही. दोन आठवड्यांनी नमुने घेतले. पहिली खोली स्वच्छ निघाली. दुसऱ्या खोलीच्या एका कोपऱ्यात गुलाबी झाक आली, तिथे पुन्हा खणलं, पुन्हा धुतलं आणि मग तीही सुटली. तिसरी खोली मात्र ऐकेना. जोत्याखालीच सगळा ढीग होता. तीन वेळा धुतली, तीन वेळा जांभळी. अध्यक्षांनी त्या खोलीला एक फेरी घातली, भिंतीवर थाप मारली, आणि म्हणाले, “पाडा.” त्यांनीच बांधलेली खोली. पाडताना ते शेवटपर्यंत तिथे होते.

पाडलेल्या खोलीची माती आणि विटाही त्याच टाक्यांतून गेल्या. शेवटचा ट्रक गेला तेव्हा मे संपत आला होता. खड्ड्यात नदीकाठची चांगली माती भरली, वर काँक्रीट घातलं. हातपंप कायमचा काढून टाकला आणि नळाची वेगळी जोडणी घेतली.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा बारा नमुने घेतले. बाराही नळ्या ओळीने लावल्या, प्रत्येकीत थेंब टाकले आणि मागे पांढरा कागद धरला. बारा नळ्यांत नुसतं पाणी. पाच मिनिटं थांबलो. दहा मिनिटं थांबलो. पाणीच. ते गृहस्थ एक एक नळी उजेडात धरून बघत होते. बारावी नळी खाली ठेवली आणि ते ओट्यावर दोन्ही हात टेकून उभे राहिले. डोळे पुसायला त्यांनी रुमाल काढला नाही, बाहीनेच पुसले.

“बाई,” ते म्हणाले, “नोकरीत मी रोज तपासतो आणि रजिस्टरात लिहितो. आज पहिल्यांदा कळलं कशासाठी ते.”

दुसऱ्या दिवशी मुलं आली. दारापाशी नेहमीप्रमाणे चपला काढायला वाकली. मी म्हटलं, “आजपासून चपला घालून आत या.” त्यांना आधी खरं वाटेना. मग जो गोंधळ केला त्यांनी! मुद्दाम पाय आपटत वर्गात शिरली. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर भिंती पांढऱ्याच राहिल्या. मुलांच्या पायांचे व्रण तोवर भरून आले होते. मावशींच्या बोटांवर डाग राहिले, पण जखमा मिटल्या. नव्या शिक्षकांना मावशी बोटं दाखवून हा सगळा किस्सा सांगायच्या आणि त्यात माझं काम जरा कमीच असायचं.

नव्वदचं दशक लागल्यावर आम्ही दहावीतल्या मुलींचा एक गट केला. दर दोन महिन्यांनी त्या नमुने घ्यायच्या आणि निकाल फळ्यावर लिहायच्या. बातमी पसरली तशी दुसऱ्या शाळांची बोलावणी येऊ लागली. उल्हासनगरच्या एका शाळेत प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत जुनी गळकी पिंपं सापडली, ती कंपनीच्या माणसांकरवी रीतसर हलवली. बदलापूरच्या दोन शाळा स्वच्छ निघाल्या.

वांगणीच्या शाळेत गेलो तेव्हा माझ्याबरोबर दोन मुली होत्या. त्यातली एक ती, जिचे वडील सही करायला वाकले होते. आता दहावीत. तिने नमुने घेतले, चिठ्ठ्या लावल्या, आणि मी घाईने थेंब टाकायला लागले तर तिने माझा हात धरला.

“बाई, आधी नुसत्या पाण्याचा करा ना.”

“खरंच की,” मी म्हणाले.

तिने तो केला. मग बाकीचे. कुठेच रंग आला नाही. तिथल्या मुख्याध्यापिका श्वास रोखून दाराशी उभ्या होत्या. “म्हणजे आमची शाळा पास?” त्यांनी विचारलं. “पास,” ती मुलगी म्हणाली, अगदी परीक्षकाच्या थाटात. त्या एवढ्या खूश झाल्या की त्यांनी शाळा अर्धा तास लवकर सोडली आणि मागच्या झाडाचे पेरू पिशवीभर तोडून आम्हाला दिले. स्टेशनवर बाकावर बसून आम्ही तिघींनी ते तिथेच संपवले.